राहिलेले भाग

महालक्ष्म्यांच्या आधी घर झाडायला काढले की माळा माझ्याकडे येतो. बायकोचे म्हणणे असे, की माळ्यावर जे काही साठले आहे ते सगळे माझेच आहे, तेव्हा त्याची धूळही मीच खावी. यंदा जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली मला एक शंभर पानी वही सापडली. वर चिरंजीवांचे नाव, इयत्ता नववी, विषय भूगोल. आत भूगोलाची पाने सारी दहा-बारा. पुढे नुसत्या याद्या.

डाव्या बाजूला मालिकांची नावे आणि पाहून झालेल्या भागांचे आकडे. उजव्या बाजूला इंटरनेटवरचे पत्ते. पहिल्या पत्त्यावर आडवी रेघ, त्याखाली दुसरा, त्यावरही रेघ, त्याखाली तिसरा. एखादे खाते बुडीत निघाले म्हणजे वाणी आपल्या उधारीच्या वहीत मारतो ना, तशी रेघ. मी माळ्यावर उकिडवा बसून मोजले. सतरा पत्ते होते. सतराच्या सतरा खोडलेले.

खालून बायको विचारीत होती, मखराच्या पट्ट्या सापडल्या का. मी काहीतरी हुंकार दिला आणि पाने उलटत राहिलो. शेवटच्या पानावर एकच नाव होते आणि त्याच्यापुढे अर्धवट सोडलेला आकडा. ते नाव पाहिले आणि पाच वर्षांपूर्वी मी उच्चारलेले एक वाक्य पुन्हा कानाशी आले.

हे सगळे नीट कळायचे तर थोडे मागे जायला हवे. जपानात जी चित्रांची सिनेमे-मालिका बनतात त्यांना ॲनिमे म्हणतात. आमच्या पिढीने त्यांतली एक पाहिलेली आहे, पण ती जपानी आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा आणि शीर्षकगीत गुलजारांचे, तेव्हा तो मोगली आम्ही आपलाच मानला. त्यात परके वाटावे असे होतेही काय? ते जंगल सिवनीचे, म्हणजे नागपूर ओलांडले की लागणारे. वाघ आमच्या टिपेश्वरालाही आहेत. पुढे कितीतरी वर्षांनी मुलगा एकदा जेवताना म्हणाला, “मोगली जपानी होता, माहीत आहे का तुमाले?” मी विश्वास ठेवला नाही. त्याने मोबाइलवर दाखवले. निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या कंपनीने १९८९ साली केलेली बावन्न भागांची मालिका. त्या दिवशी माझ्या मनात त्या चित्रांविषयी पहिल्यांदा थोडा आदर उत्पन्न झाला. तोवर मी त्यांना ‘कार्टून’ म्हणत असे आणि मुलगा दर वेळी चिडत असे.

मारेगाव हे करंजीहून वणीला जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कापूस, तूर, सोयाबीन आणि या तिन्हींची चिंता, एवढे आमचे पीक. येथे जपानी चित्रे यायची ती केबलवरून. ॲनिमॅक्स नावाची वाहिनी २००४ साली भारतात सुरू झाली आणि २०१७ च्या एप्रिलात बंद पडली. परंतु तिच्या बंद पडण्याचे दुःख येथे कोणी केले नाही, कारण त्याच्या आधीच्या सप्टेंबरात जिओ आले होते. फुकटच्या इंटरनेटने गावातली पोरे गच्च्यांवर चढली. आमचे चिरंजीव पाण्याच्या टाकीला टेकून बसत. तेवढ्याच कोपऱ्यात रेंज नीट मिळे. आणि तिथे बसून ती पोरे जे पाहत ते सगळे, सरळ शब्दांत सांगायचे तर, चोरीचे होते.

जपानात एखादा भाग प्रक्षेपित झाला की काही तासांत तो या साइटींवर येई. कोणा उत्साही रसिकाने तो उतरवलेला असे, दुसऱ्याने भाषांतर केलेले असे, तिसऱ्याने अक्षरे चित्रावर बसवलेली असत. मोबदला कोणालाच नाही. ही रीत इंटरनेटच्याही आधीची; अमेरिकेतले शौकीन कॅसेटच्या काळात असेच करीत आणि टपालखर्च तेवढा घेत. साइट चालवणारे मात्र साधू नव्हते. भाग सुरू करायचा म्हणजे आधी जुगाराच्या आणि याहून अभद्र जाहिरातींची तीन-चार दारे उघडत, ती एकामागून एक बंद करावी लागत. मुलगा हे काम आमच्याकडे पाठ करून करी. मला वाटे, पोरगा लाजरा आहे.

आता २०२० साल. शाळा बंद होती, म्हणजे माझी नोकरी आणि त्याचे पुढचे शिक्षण दोन्ही घरातच अडकले होते. बारावी झालेला मुलगा आणि पन्नाशीतला मास्तर बाप दिवसभर एका छपराखाली असले म्हणजे काय होते ते मी सांगायला नको. जेवणाच्या ताटावरही आम्ही अभियांत्रिकीच्या प्रवेशाविषयीच बोलत असू. किंबहुना मी बोलत असे. जुलैमधल्या एका पावसाळी संध्याकाळी वीज आली-गेली चालले होते आणि तो लॅपटॉपवर काहीतरी पाहत होता. मी मागून जाता जाता थबकलो. पडद्यावर गोठा होता. साधा, शेणाचा, गव्हाणीचा गोठा. आणि एक शहरी चष्मेवाला पोरगा त्यात घाबरून उभा होता.

त्या मालिकेचे नाव मराठीत ‘चांदीचा चमचा’. हिरोमु अराकावा नावाच्या बाईंची ती मूळ चित्रकथा. बाई होक्काइदो बेटावरच्या दुधाच्या धंदेवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. टोकियोला जाऊन नाव काढण्यापूर्वी त्यांनी सात वर्षे घरच्या शेतात राबून काढली, आणि स्वतःचे चित्र काढायची वेळ आली की त्या चष्मा लावलेली गाय काढतात. कथेतला हाचिकेन हा हुशार मुलगा बापाच्या अपेक्षांचा धाक सहन न होऊन दूरच्या कृषी विद्यालयात नाव घालतो, केवळ तिथे वसतिगृह आहे म्हणून. हे मला मुलाने सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मीही त्याच्याकडे पाहिले नाही. खुर्ची मात्र ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बायकोही वाती वळायला तिथेच येऊन बसली. इंग्रजी अक्षरे वाचण्याइतका वेग आम्हां दोघांपाशी नव्हता, म्हणून मुलगा प्रत्येक वाक्य आमच्या वऱ्हाडीत सांगत चालला. जपानी बोलणे, त्याचे कोणा अनोळखी माणसाने केलेले इंग्रजी आणि त्याचे या पोराचे वऱ्हाडी! इतक्या पाझरांतून आलेले पाणीही गोड लागत होते. हाचिकेनचा पहिल्याच दिवशी ‘हाच्या’ झाला. हाच्याने एका डुकराच्या पिलाला जीव लावला आणि त्याचे नाव ठेवले, तेव्हा बायकोने वात हातात तशीच धरली. “त्या पोराले सांग, नाव नको ठेवू म्हना. नाव ठेवलं की मंग कापवत नाही.” नेमके हेच त्याचे शेतकरी दोस्तही त्याला बजावत होते. मुलगा खो खो हसला. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणी तसे हसत होते.

भाषांतर करणाऱ्यांची एक रीत मला फार आवडली. एखादा शब्द इंग्रजीत येत नसला तर ते पडद्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत टीप देत. जेवणाला बसताना ही मुले हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणत. तेथे टीप आली, की मला मिळालेले हे मी नम्रपणे स्वीकारतो, असा याचा भाव. आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणतात त्यातलाच प्रकार. ज्या प्राण्याला आपण पाळले त्यालाच खायची वेळ आलेल्या मुलांच्या तोंडी तो शब्द काय वजनाचा होतो, हे त्या टीपेवाचून मला कळले नसते. तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की तळटीप वाचा. आणि कोणी मनापासून लिहिलेली टीप मला वाचायला मिळाली ती चोरांच्या बाजारात. तो टीप लिहिणारा कोण, कोठला, काही कळायला मार्ग नव्हता.

ऑगस्टमध्ये आम्ही दुसऱ्या पर्वाच्या शेवटाजवळ आलो होतो. कोमाबा नावाचा एक मुलगा त्यात आहे. बेसबॉल उत्तम खेळतो. खेळात नाव काढावे आणि घरच्या दुधाच्या धंद्यावरचे कर्ज फेडावे, एवढीच त्याची धडपड. तो शेवटचा सामना हरतो. धंदा बुडतो, गाई विकल्या जातात, मुलगा शाळा सोडतो. आणि मग कळते, की त्या कर्जाला शेजारच्या मिकागे कुटुंबाने जामीन दिलेला आहे. आता त्यांच्यावरही घोडे विकायची पाळी येणार.

खोलीत कोणी बोलले नाही. मग बायको म्हणाली, “जामीन राहाले कोनं सांगतलं होतं त्याहिले?”

आणि मी बोलून गेलो. माझे वडील असेच जामीन राहिले होते. चुलतभावाच्या कर्जाला. सही करून आले त्या दिवशी त्यांनी पेढे आणले होते, भावाचे काम झाले म्हणून. पुढे रस्त्याकाठचे दोन एकर गेले. वडील त्यानंतर त्या रस्त्याने बैलगाडी घेऊन जात नसत; लांबचा नाल्याकडचा रस्ता धरीत, आणि आम्हां पोरांना वाटे की त्यांना नाल्याची हवा आवडते. ही गोष्ट मी मुलाला अठरा वर्षांत सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. तो गुडघ्यांभोवती हात घालून ऐकत होता. मग एवढेच म्हणाला, “उद्या पुढचा भाग पाहू.”

दुसऱ्या दिवशी साइट उघडली नाही.

१४ ऑगस्ट २०२० ला ‘किसॲनिमे’ ही त्या काळची सर्वांत गाजलेली साइट बंद झाली. हक्क असणाऱ्यांनी तिच्या फाइली काढून टाकवल्या होत्या. जगभर पोरांनी शोक केला. तिच्या आसऱ्याने जगणाऱ्या लहानसहान साइटी अनेक होत्या. आमची त्यांतलीच एक. मोठे झाड पडले म्हणजे वेलींना कोण विचारतो? मुलगा तीन तास दुसरे पत्ते चाळत बसला. कोठे मालिका नव्हती, कोठे चित्र नव्हते, कोठे अक्षरेच निराळी. शेवटी मी डोकावलो तर त्याचे डोळे भरले होते.

वास्तविक आदल्या रात्री मी फार उघडा पडलो होतो. बापाने मुलासमोर आपल्या बापाची हार सांगितली, की दुसऱ्या सकाळी त्याला आपला मास्तरकीचा कोट पुन्हा अंगावर चढवावासा वाटतो. मी म्हणालो, “चोरीचा माल होता, चोरीला गेला. त्यात रडायचे काय?”

त्याने झाकण मिटले. “बरोबर आहे,” म्हणाला. त्यानंतर त्याने माझ्याबरोबर काहीही पाहिले नाही.

आता वाचकहो, हे वाक्य उच्चारण्याचा मला अधिकार किती होता, तेही सांगून टाकतो. कारण ते मी घरात अजून कोणाला सांगितलेले नाही. १९८६ साली मी सोळा वर्षांचा होतो. सिनेमा पाहायचा तर वणी गाठावी लागे आणि परतीला ट्रकवाल्याच्या पाया पडावे लागे. त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळींनी वणीहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. बैलगाडीत कडबा पसरून, त्यावर गादी टाकून, नवरी आणावी तसा! रात्रभरात तीन सिनेमे, माणशी एक रुपया. कॅसेटी कशाच्या कशा उतरवलेल्या. चित्राखालून पांढरी रेघ सतत धावे, नायिकेचा चेहरा हिरवा होई. चित्र अगदीच फाटले की कोरी नोट घेऊन तिने यंत्राचे डोके पुसायचे. ती नोट माझ्याकडे असे, कारण तिकिटांचे पैसे माझ्याकडे असत. दुसरे काम रस्त्यावर लक्ष ठेवायचे. पोलिस दिसले की शिटी मारायची. आपल्याकडे १९८४ सालीच कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती होऊन व्हिडिओची नक्कल हा गुन्हा ठरलेला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण शिटी कशासाठी मारायची हे ठाऊक होते.

आणि आजही मला त्या रात्रींइतका सिनेमा दुसरा कोणता आठवत नाही. पुढे मी नागपूरच्या चांगल्या चित्रगृहांत गाद्यांच्या खुर्च्यांवर बसून ते सिनेमे पुन्हा पाहिले. पांढरी रेघ नव्हती, म्हणून काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले.

मुलगा पुढे शिकला, पुण्यात नोकरीला लागला. फोन करतो, पैसे पाठवतो, प्रकृती विचारतो. सगळे कसे रीतसर. जपानी मालिकांचेही आता रीतसर झाले आहे. ‘क्रंचिरोल’ नावाची कंपनी आहे. मौज अशी, की २००६ साली ती स्वतः असल्याच विनापरवाना भागांवर उभी राहिली. २००९ पासून सरळ मार्गाला लागली. आणि २०२१ साली सोनीने ती एक अब्जाहून अधिक डॉलर मोजून घेतली. २०२२ मध्ये तिने भारतातला दर महिना ७९ रुपयांपर्यंत खाली आणला. हिंदीतही मालिका येऊ लागल्या. चोरट्या साइटी मात्र गळत गेल्या. ‘नाइनॲनिमे’ म्हणून एक मोठी होती. २०२३ साली तिने ‘ॲनिवेव्ह’ असे नाव बदलून घेतले आणि २०२४ च्या ऑगस्टात तीही मिटली. ‘झोरो’ नावाच्या साइटीने एका वर्षाच्या आत दोनदा नाव पालटले. वेष बदलून फिरणाऱ्या फरारी माणसासारखी त्यांची गत. मुलाच्या वहीतल्या रेघा मला आता वाचता येतात.

मध्यंतरी त्यानेच माझ्या मोबाइलवर ते ७९ रुपयांचे खाते उघडून दिले. मी म्हणालो, “हे बरे झाले. चित्र काढणाऱ्याच्या पदरात काही पडेल.” तिकडे नवख्या चित्रकाराला मधल्या एका चित्रामागे दोनशे येनांच्या आसपास मिळतात, म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये, हे मी वाचले होते. तो फोनवर थोडा थांबला. मग म्हणाला, की मालिकेला पैसा लावणाऱ्या कंपन्यांची समिती असते, नफा तिचा, चित्रकाराला ठरलेली मजुरी तेवढी. कापूस आपला आणि भाव दुसऱ्याचा, तसेच. मी मास्तर, मला यावर काहीतरी उत्तर सुचायला हवे होते. चोरीने त्या चित्रकाराचे भले झाले असते असे थोडेच आहे? पण मी वाद घातला नाही. २०१९ साली माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतातल्या चित्रगृहांत लागला, तो येथल्या हजारो पोरांनी अर्जावर सह्या केल्या म्हणून. तिकीट काढू द्या, असे मागणारी ती पोरे या जपानी चित्रांच्या नादाला लागली कोठे? बरीचशी त्याच चोरट्या साइटींवर. हाही हिशोब मला मांडता येत नाही.

मी त्या नव्या खात्यावर काही मालिका पाहिल्या. चित्र लख्ख असते. जाहिरातींची दारे नाहीत. परंतु एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. मध्ये कोणी “उद्या पाहू” म्हणत नाही. माथ्यावर टीप देणारा तो अनोळखी माणूस गेला. आणि वऱ्हाडीत सांगणाराही शेजारी नसतो. ‘चांदीचा चमचा’ मी शोधला नाही. ते एकट्याने पाहण्याचे नव्हते.

तर वही घेऊन मी माळ्यावरून उतरलो, हात धुतले आणि पुण्याला फोन लावला.

“तुझी भूगोलाची वही सापडली.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, “ठेवा. टाकू नका.”

“शेवटच्या पानावर हाच्या आहे.” हे नाव पाच वर्षांनी माझ्या तोंडात आले. “त्या मिकागेच्या घोड्यांचे पुढे काय झाले रे?”

“मले काय माहीत?”

“म्हणजे?”

“पुढचे भाग मी पाहिलेच नाहीत, बाबा. आहेत माझ्यापाशी. त्याच वर्षी एका दोस्ताच्या डिस्कवरून उतरवून घेतले होते.” जरा थांबून म्हणाला, “पाहिले नाहीत.”

दोस्ताच्या डिस्कवरून! म्हणजे पुन्हा तेच. वाक्य अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले. बायको मखराची पट्टी हातात घेऊन शेजारी येऊन उभी राहिली होती, तिने फोनजवळ तोंड आणून विचारले, “त्या पोरीचे घोडे इकले का रे शेवटी?”

तो हसला. “आई, दिवाळीत येतो ना. मंग पाहू.”

तो येईल तोवर हा अंक घरात आलेला असेल. बैठकीच्या टेबलावर, फराळाच्या डब्याशेजारी. व्हिडिओची आणि शिटीची गोष्ट त्यात त्याला वाचायला मिळेल. मी त्या वेळी बहुधा आकाशकंदिलाच्या वायरीत गुंतलेला असेन.